स्तनाचा कर्करोग : ‘कशामुळे झाला?’ या प्रश्नाचे उत्तर उपचारांच्या आड येऊ नये म्हणून घरच्यांनी काय करावे

स्तनात गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत, आणि अहवाल आल्यावर तर अधिकच, बहुतेक घरांत ‘आता पुढे काय करायचे’ यापेक्षा ‘हे झालेच कशामुळे’ यावर जास्त बोलले जाते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात बोट फवारणीकडे जाते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बाहेरच्या बाधेची शंका निघते. नाशिक शहरात गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या सदनिकेत नोकरीचा ताण, प्लास्टिकचे डबे आणि मोबाईल यांची नावे घेतली जातात. आणि त्र्यंबकेश्वर जवळ असल्यामुळे पितृदोषाचा विषय कोणी ना कोणी नातेवाईक काढतोच. यांतले खरे काय आणि खोटे काय, हे ठरवण्याच्या आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती म्हणजे प्रत्येक कारण आपला उपाय बरोबर घेऊनच घरात शिरते. दोष म्हटला की शांत आली, मार म्हटला की लेप आला, विष म्हटले की शुद्धी आली, आणि ताण म्हटला की मन शांत झाल्यावर गाठही विरेल ही आशा आली. शस्त्रक्रियेला होकार मिळणार की नकार, आणि मिळालाच तर कधी, हे पुष्कळदा डॉक्टरांच्या खोलीत नव्हे तर या घरगुती चर्चेतच ठरून जाते.

पुढील मजकूर मुख्यतः रुग्णाच्या जवळच्या माणसांसाठी आहे, म्हणजे नवरा, मुलगी, सून, बहीण, जाऊ, किंवा गावातील आशाताई. रुग्ण स्वतः वाचत असेल तर अधिक चांगले. रुग्णाची समजूत खोडून काढण्याच्या भरीस न पडता उपचार वेळेवर सुरू व्हावेत आणि मध्येच सुटू नयेत एवढ्यापुरते पाहणे, हे यातील सूत्र आहे.

कारण शोधण्याची ही ओढ केवळ आपल्याकडची किंवा अडाणीपणाची आहे असे कोणी समजू नये. कॅनडातील टोरांटो येथे स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ३७८ स्त्रियांना विचारलेल्या प्रश्नांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४२ टक्के जणींनी ताण हे आपल्या आजाराचे कारण सांगितले, सुमारे २७ टक्के जणींनी आनुवंशिकता सांगितली. आजार पुन्हा उलटला नाही तो कशामुळे, या प्रश्नावर ६० टक्के जणींनी सकारात्मक वृत्तीचे आणि ५० टक्के जणींनी आहाराचे नाव घेतले, पण आजार उलटू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या गोळीचे नाव घेणाऱ्या जेमतेम ४ टक्के होत्या. शिकलेल्या, सुस्थितीतील आणि उपचार पूर्ण केलेल्या स्त्रियासुद्धा आपल्या बरे होण्याचे श्रेय औषधाला इतके कमी देत असतील, तर आपल्या सासूबाईंनी वणीच्या देवीला दिले यात नवल काहीच नाही.

आधी ऐकून घ्यावे, आणि नेमके काय विचारावे

घरातला सर्वांत शिकलेला माणूस बहुधा पहिलीच चूक करतो. रुग्णाने कारण सांगितले रे सांगितले की तो ‘तसं काही नसतं’ म्हणून मोकळा होतो. त्यानंतर ती बाई कारण बदलत नाही, फक्त सांगणे बंद करते. आणि जे सांगितले जात नाही त्यावर गुपचूप चाललेले उपायही मग कोणाला कळत नाहीत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले होते, ते घरातही तितकेच चालतात. तुला काय वाटते, हे कशामुळे झाले असेल? ते याच वेळी का सुरू झाले असे वाटते? यासाठी कोणता उपाय व्हायला हवा असे तुला वाटते? आणि या आजारात तुला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? शेवटचा प्रश्न मुळीच गाळू नये, कारण पुष्कळ वेळा ‘ऑपरेशन नको’ या शब्दांमागे मुलीचे लग्न मोडेल, नवरा टाकेल किंवा घर कर्जात बुडेल ही भीती असते, आणि तिचे उत्तर वैद्यकशास्त्रात नसून घरातच द्यावे लागते.

प्रश्न विचारण्याची वेळही निवडावी. दवाखान्याच्या रांगेत, चार नातेवाईकांच्या घोळक्यात कोणतीही बाई मनातले बोलत नाही. संध्याकाळी भाजी निवडताना किंवा शेतातून परतताना, दोघीच असताना विचारावे. उदाहरणादाखल ओझरकडच्या एखाद्या घरात घडेल असा सासू-सुनेचा संवाद पाहू.

“अगं, पोळ्याला बैलाचं शिंग लागलं होतं ना इथं, तेव्हापासनंच आहे ते. मुका मार आहे, उतरंल.”

“आई, शिंग लागायच्या आधी तुम्ही तिथं कधी हात लावून पाहिलं होतं का?”

“कशाला पाहीन बाई?”

“मग गाठ आधीपासूनच असंल आणि शिंग लागल्यावर हात तिथं गेला, असं नसंल झालं?”

“असंलही. देव जाणे.”

“आपण डॉक्टरांना शिंगाचंही सांगू. सुईनं बारीक तुकडा काढून तपासला, की मुका मार आहे का दुसरं काही, ते त्यांना कळंल. मी येते तुमच्याबरोबर.”

या सुनेने सासूला खोटे पाडलेले नाही. शिंग लागले ही गोष्ट तिने तशीच राहू दिली, फक्त तपासणीची वाट तिच्यातूनच काढली. मार लागल्याने स्तनाचा कर्करोग होत नाही, मात्र मार लागलेल्या जागी चरबीची कठीण गाठ खरोखर होऊ शकते, आणि ती कोणती हे हाताने चाचपून डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. स्तनपान देणाऱ्या आईच्या ‘दूध साठून झालेल्या गाठी’लाही हेच लागू आहे. सूज असेल तर उपचाराने ती उतरते, पण एकदोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर ‘दूध आहे’ म्हणून थांबू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे साधीच असेल’ या समजुतीने जितका वेळ वाया जातो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल.

कोणत्या समजुतीला हात घालावा आणि कोणती सोडून द्यावी

यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे. रुग्णाने सांगितलेले कारण क्षणभर खरे धरावे आणि स्वतःला विचारावे की, त्यामुळे येत्या महिन्यात ती उपचारांत काय वेगळे करणार आहे. काहीच वेगळे करणार नसेल तर ती समजूत तिच्यापाशी राहू द्यावी. तपासणी पुढे ढकलली जाणार असेल, एखादा उपचार नाकारला जाणार असेल किंवा त्याबरोबर काही घातक घेतले जाणार असेल, तरच त्यात पडावे, तेही त्या एका मुद्द्यापुरते.

द्राक्षपट्ट्यातली समजूत या कसोटीवर लावून पाहू. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांची रांग लागते. मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाने निळसर पडलेल्या टाकीशी ओढणीने तोंड बांधून औषध कालवणारी बाई या पट्ट्यात परकी नाही. तिला पुढे स्तनाचा कर्करोग झाला आणि तिने फवारणीला दोष दिला, तर तो वेडगळपणा नाही. काही कीटकनाशके आणि कर्करोग यांच्या संबंधावर गंभीर संशोधन झाले आहे. डीडीटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘संभाव्य कर्ककारक’ ठरवले. मात्र एका विशिष्ट बाईची गाठ फवारणीमुळेच झाली असे कोणताही अहवाल सांगू शकत नाही, आणि सांगितले असते तरी तिच्यावरचे उपचार तेच राहिले असते. तेव्हा या समजुतीशी वाद घालू नये. घरातल्या बाकीच्यांनी फवारताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरण्याचा धडा त्यातून घेतला तर ते चांगलेच. हस्तक्षेप करायचा तो दोन ठिकाणी. ‘अंगातले विष बाहेर काढायचे’ म्हणून केमोच्या काळात जुलाब-वमनाचे शोधन कोणी सुचवले तर ते थांबवावे, कारण त्या दिवसांत शरीरातले पाणी आणि क्षार कमी होणे धोक्याचे असते. दुसरे म्हणजे ‘माल निघू दे, मग बघू’. बाग जानेवारीपासून पुढे उतरते, आणि डिसेंबरात हाताला लागलेली गाठ एप्रिलपर्यंत थांबवली जाते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दर चार आठवड्यांनी लांबली, की मृत्यूचा धोका तुलनेने सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. एक हंगाम या हिशोबात बसत नाही.

दैवी कारणांच्या बाबतीत सुशिक्षित नातेवाईकांचा संयम सर्वांत आधी सुटतो, आणि तिथेच तो सर्वांत जास्त हवा असतो. नारायण नागबळी हा पितृदोषासाठी केला जाणारा त्र्यंबकेश्वरचा तीन दिवसांचा विधी आहे. तीन दिवसांनी उपचार बिघडत नाहीत, बिघडतात ते मुहूर्ताची वाट पाहण्याने, आणि ‘विधी झाला, आता गुण येतो का ते पाहू’ या पुढच्या महिन्यांनी. म्हणून विधीला विरोध करण्याऐवजी तारखांचा आग्रह धरावा. बायोप्सी, शस्त्रक्रिया किंवा केमो यांची तारीख आधी लिहून घ्यावी आणि पूजा तिच्या अलीकडे किंवा पलीकडे बसवावी. बहुतेक गुरुजींना हे सांगितले तर त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्याकडे जाऊ नये. पाड्यावरच्या भगताशीही असेच बोलता येते; ‘तुम्ही अंगारा द्या, पण दवाखान्यात जायला तुम्हीच सांगा’ असे म्हटले तर त्याचा शब्द तुमच्या दहा शब्दांपेक्षा जास्त काम करतो. केमो सुरू झाल्यावर मात्र काही गोष्टी स्पष्टपणे टाळाव्या लागतात. प्रत्येक डोसानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्यामुळे त्या काळात रामकुंडावरचे स्नान, यात्रेची गर्दी आणि नवरात्रातले निर्जळी उपवास नकोत. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे. देवाचा अंगारा लावायचा असेल तर तो गाडीत लावता येतो.

ताणाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताण, किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट यांसारखे आघात आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात ठोस संबंध आढळला नाही. तरीही शांत झोप, योगासने, प्राणायाम यांनी रुग्णाचे दिवस सुसह्य होत असतील तर कोणताही डॉक्टर त्याला हरकत घेणार नाही. या समजुतीचा खरा त्रास घरातल्या भांडणात दिसतो, कारण ताण म्हटला की तो देणारा माणूसही ठरतो, आणि मग सून किंवा सासू आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. वरच्या अभ्यासाचा उपयोग केला तर तिथे करावा.

स्वतःलाच दोष देणाऱ्या बाईशी बोलताना आकडे जपून वापरावेत. मूल उशिरा होणे, स्तनपान न करणे, पाळी लवकर येऊन उशिरा जाणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान यांमुळे धोका काही प्रमाणात वाढतो, हे खरे आहे. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणात एकूण दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. पण हा आकडा हजारो स्त्रियांच्या सरासरीचा आहे. तीन मुलांना दोन-दोन वर्षे पाजलेल्या बाईलाही हा आजार होतो आणि मूल नसलेल्या कित्येकींना होत नाही. ‘मी धाकट्याला पाजलं नाही म्हणून झालं’ असे म्हणणाऱ्या आईला ‘हो, तोही एक घटक आहे’ असे सांगण्यात माहिती असली तरी शहाणपण नाही. स्त्री असणे आणि वय वाढणे हेच या आजाराचे सर्वांत मोठे घटक आहेत, आणि त्यांत तिचा काही अपराध नाही, असे सांगावे. ते पूर्णपणे खरेही आहे.

‘आमच्यात कुणालाच नाही, मग मला कसा?’ याचे उत्तर थोडक्यात देता येते. केवळ ५ ते १० टक्के स्तनकर्करोग एखाद्या बिघडलेल्या जनुकाच्या थेट वारशामुळे होतात, बाकीच्या बहुसंख्य रुग्णांच्या घरी पूर्वी कोणाला नसतोच. मात्र रुग्ण तरुण असेल, किंवा तिच्या स्वतःच्या आईकडच्या वा वडिलांकडच्या कोणत्याही बाजूला (सासरची बाजू यात येत नाही) स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग असेल, तर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. वडिलांकडची बाजू लोक हमखास विसरतात. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. तिचे ताट वेगळे काढू नये, नातवंडाला तिच्या मांडीवरून उचलू नये. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने अंगात किरणे साठत नाहीत.

उपचारांविषयीच्या समजुती

कारणाच्या समजुतीपेक्षा या अधिक थेट असतात. ‘सुई टोचली की पसरतो’ आणि ‘चाकू लागला की पसरतो’ या दोन्ही समजुती रुग्ण फार उशिरा येत असत त्या काळातल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत दगावलेला माणूस गावाने पाहिलेला असतो, पण आजार आधीच पसरलेला होता हे गावाला दिसलेले नसते. बायोप्सीने आजार पसरत नाही. उलट बायोप्सी न करता ‘छोटी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून घाईने केलेली शस्त्रक्रिया पुढचे नियोजन अवघड करते. म्हणून आधी सुईने तुकडा, त्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या) आणि हर-टू (गाठ वाढवणारे एक प्रथिन जास्त आहे का हे सांगणारी) या तीन चाचण्या, आणि मग उपचारांचा क्रम, असा आग्रह घरच्यांनी धरावा. त्या तीन चाचण्यांच्या निकालांवर हार्मोनची गोळी उपयोगी पडेल का, ट्रास्टुझुमॅबसारखे औषध लागेल का, हे ठरते. शेजारणीला कोणते औषध दिले होते यावर ठरत नाही.

शस्त्रक्रियेआधी केमो सुचवली गेली की घरात रडारड होते, कारण ‘ऑपरेशन होण्यासारखे राहिले नाही’ असा तिचा अर्थ लावला जातो. पुष्कळदा वस्तुस्थिती तशी नसते. गाठ लहान करून स्तन वाचवता यावा आणि औषध लागू पडते आहे का ते डोळ्यांदेखत कळावे, यासाठीही हा क्रम निवडतात. डॉक्टरांना सरळ विचारावे, “केमो आधी का? गाठ कमी झाल्यावर शस्त्रक्रिया होणार आहे ना?”

स्तन पूर्ण काढायचा की फक्त गाठ, हा निर्णय खऱ्या अर्थाने रुग्णाचा आहे, आणि दुर्दैवाने तोच निर्णय बाकीचे सगळे मिळून घेतात. ‘सगळंच काढा, म्हणजे मुळासकट जाईल’ हे वाक्य तिच्या तोंडी येण्याआधी नवऱ्याच्या तोंडी येते. इटलीतील मिलान येथे आणि अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या जगण्यात फरक पडला नाही, असे त्यांत दिसले. म्हणजे जास्त कापले म्हणून जास्त जगता येते असे नाही, आणि दुसरा निरोगी स्तनही काढून टाकल्याने जनुकीय दोष नसलेल्या स्त्रीचे आयुष्य वाढत नाही. पण स्तन वाचवला तर त्यानंतरचे रेडिएशन, ज्याला अनेक घरांत अजून ‘शेक’ म्हणतात, ते टाळता येत नाही, आणि त्यासाठी साधारण तीन आठवडे, काही ठिकाणी त्याहून जास्त काळ, रोज रुग्णालय गाठावे लागते. सुरगाण्याच्या बाईला ते शक्य नसेल, नाशिकमध्ये राहायला नातेवाईक नसतील, तर पूर्ण स्तन काढण्याचा तिचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, फक्त तो अंतरामुळे घेतला आहे, भीतीमुळे नाही, हे तिला स्वतःला ठाऊक असावे. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या ग्रंथींत आजार गेला असेल तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकते, हेही आधीच विचारून घ्यावे, नाहीतर फसवले गेल्याची भावना होते.

दुसऱ्या औषधांचे काय करावे

लक्ष्मणफळ, गव्हांकुराचा रस, गोमूत्र, गुळवेल, कुठल्याशा वैद्याची काळी पुडी, आणि मोबाईलवर फिरणारा लिंबू-सोड्याचा निरोप, यांपैकी एक तरी गोष्ट घरात येतेच. इथेही कसोटी तीच: उपचारांच्या जोडीला की उपचारांच्या ऐवजी? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पसरलेला नसलेला स्तनकर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या स्त्रियांचा मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक आढळला. ‘ऐवजी’ला हे उत्तर पुरेसे आहे.

‘जोडीला’ घेण्याचे उत्तर औषधागणिक बदलते. केमो ‘उष्ण पडते’ म्हणून सब्जा, गुलकंद, ताक घेण्यात वाईट काही नाही. जेवणातली हळद चालते, हळदीच्या तीव्र गोळ्या मात्र टॅमॉक्सिफेन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. घटक न लिहिलेली भस्मे आणि पुड्या कोणत्याही परिस्थितीत नकोत, कारण त्यांत जड धातू असू शकतात आणि केमोची बरीच औषधे यकृत-मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद तज्ज्ञांवर सोडावा आणि केमोच्या महिन्यांपुरती ती बंद ठेवावी. घेत असलेल्या सगळ्या वस्तू एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवाव्यात. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नये; डोसाच्या दिवशी यकृताचा अहवाल बिघडलेला निघाला आणि कारण कोणालाच माहीत नाही, ही स्थिती रागावण्यापेक्षा वाईट असते. जो वैद्य ‘आधी त्यांचे औषध बंद करा’ म्हणतो किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशी जाहिरात गुन्हा ठरते.

नाशिकमधील प्रत्यक्ष व्यवस्था

पुष्कळदा ‘माझा त्यावर विश्वास नाही’ या वाक्याचा अर्थ ‘पैसे नाहीत’ एवढाच असतो, म्हणून खर्चाचा प्रश्न आधी सोडवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली आता प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो व रेडिएशन यांचा त्यात समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. भरती होण्याआधी विचारावे, नंतर नाही. आणि रुग्णालय योजनेत असले तरी आपल्याला लागणारा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे स्वतंत्रपणे विचारावे. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव नसणे किंवा आधारवरील नावाशी ते न जुळणे हा नेहमीचा अडथळा आहे, तो बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत दुरुस्त करायला घ्यावा. शासकीय व्यवस्थेत जिल्हा रुग्णालय आणि शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ही पहिली ठिकाणे आहेत.

दुसरे मत घेण्यात संकोच करू नये. त्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरणे सोयीचे पडते. निव्वळ कागदी अहवाल नेऊ नयेत, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्रयोगशाळेकडून मागून घ्याव्यात, कारण तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासून पाहतात आणि त्यांवाचून खेप वाया जाते. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेभाड्यात सवलत आहे, तिचा विहित नमुन्यातला दाखला रुग्णालयातून मिळतो. दुसरे मत म्हणजे चौथे आणि पाचवे मत नव्हे. दोन ठिकाणी मूळ आराखडा सारखाच सांगितला गेला की जवळचे ठिकाण निवडून सुरुवात करावी.

उपचार संपल्यावर

शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन संपले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर कारणाची समजूत पुन्हा डोके वर काढते. ईआर किंवा पीआर चाचणी होकारार्थी असलेल्या स्त्रीला पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यायची असते. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने अशा स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे वीस चाचण्यांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. पण गोळीने अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो, पाळी मागेपुढे होते; मग ‘गोळी उष्ण पडते’ आणि ‘दोष तर निघून गेला’ ही दोन कारणे एकत्र येतात आणि गोळी बंद होते. कोणालाही न सांगता. हार्मोनची गोळी म्हणजे हार्मोन वाढवणारी, असाही एक गैरसमज आहे. टॅमॉक्सिफेन स्तनातल्या पेशींवरचा हार्मोनचा परिणाम अडवते.

म्हणून गोळीचे पाकीट दर महिन्याला सहज नजरेखालून घालावे, चौकशीच्या सुरात विचारू नये. अंगाची आग फार होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, त्यासाठी उपाय आहेत. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहू देऊ नये. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच आठवड्यात दाखवावे. उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा करून घ्यावी, तिचा महिना लक्षात राहत नसेल तर नवरात्राशी किंवा वणीच्या यात्रेशी तो जोडून ठेवावा, आणि तपासणी यात्रेच्या आधी उरकावी.